दांताची कबर आणि दोन महिन्यांचा सुलतान

बीडच्या दक्षिणेस करजणी गांवानजीक एका टेकडीवर एक कबर आहे. तींत सुलतान महंमद तुघलकाचा दांत पुरला आहे, असें परंपरेनें सांगतात. तुघलकाच्या दांतासही कबर लाभली; परंतु ज्याचा पाडाव करून तुघलकांनीं दिल्लीचें तख्त मिळविलें, त्या खुश्रूखानाच्या वांट्यास शिव्यांवांचून कांहीं आलें नाहीं. त्याच शिव्या आमचे मराठी लेखकही डोळे मिटून गिरवितात, ही आमची तक्रार आहे.

खुश्रूखान हा माळव्याच्या स्वारींत पकडलेला गुलाम. मुबारकशाह खिलजीच्या मर्जीनें तो चढला. वरंगळची मोहीम त्यानें केली; देवगिरीच्या बंडखोर सुभेदारास कैद करून त्यानें दिल्लीस पाठविलें. जुलै 1320 मध्यें धन्याचा खून करवून तो नासिरुद्दीन या नांवानें तख्तावर बसला, आणि सप्टेंबरांत गाजी मलिक तुघलकानें त्यास मारलें. अवघें दोन महिन्यांचें राज्य!

हा खून आम्ही झांकूं इच्छित नाहीं. स्वामिद्रोह तो स्वामिद्रोहच. परंतु न्यायाचा तराजू एकच असावा. अल्लाउद्दीनानें 1296 सालीं देवगिरी लुटली व त्याच लुटीच्या बळावर, चुलता आणि सासरा असलेल्या जलालुद्दीनास ठार करवून तख्त बळकाविलें. तें द्रव्य यादवांच्या राज्यांतलें, आणि बीडचा मुलूखही त्याच राज्यांत मोडत होता. तरीही अल्लाउद्दीनानें वीस वर्षें राज्य केलें म्हणून तो 'कर्तबगार', आणि खुश्रूस दोनच महिने मिळाले म्हणून तो 'नीच'! दीर्घ राज्यानें पाप धुतलें जातें, हेंच आपण मुलांस शिकवावयाचें काय?

खुश्रूवर सर्वांत अधिक विष ओकणारा इतिहासकार बरनी हा पुढें त्याच महंमद तुघलकाच्या दरबारीं होता. हलक्या कुळांतील लोकांस लिहावयास शिकवूं नये, असें मत या गृहस्थानें ग्रंथांत मांडून ठेवलें आहे. त्याचा संताप खुनावर जितका, तितकाच खुनी माणसाच्या जन्मावर आहे. असा साक्षीदार उलटतपासणीवांचून मान्य करणें हें इतिहासलेखन नव्हे. उलट बाजूनें, कित्येक जण खुश्रूस हिंदु राज्याचा संस्थापक ठरवूं पाहतात. परंतु ज्यानें सुलतानाची पदवी धारण करून त्याच नांवाचीं नाणीं पाडलीं, त्यास असा मुकुट घालणें हाही पक्षपातच होय.

जन्मावरून माणूस तोलूं नये, हें महाराष्ट्रानें मोठी किंमत देऊन शिकून घेतलें आहे. तो धडा वर्तमानापुरता, आणि भूतकाळ मात्र बरनीच्या हवालीं, अशी वांटणी आम्हांस मान्य नाहीं. खुश्रूस कबर नको, गौरवही नको. त्याच्या गुन्ह्याचा न्याय अल्लाउद्दीनाच्याच तराजूंत व्हावा, एवढेंच आमचें मागणें आहे.