नोकरी गेली हे लपवू नका

नोकरकपातीत काम गेलं की आपण ते नव्या ऑफिसातही बोलत नाही. ही लाज महागात पडते.

समजा, 2025-26 मध्ये पगार वर्षाला 14 लाख. सप्टेंबरअखेर नोकरी गेली, ऑक्टोबरपासून तेवढ्याच पगाराची दुसरी मिळाली. नवी कंपनी फक्त आपले 7 लाख मोजते. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य, म्हणून टीडीएस कापतच नाही. रिटर्न भरताना मात्र दोन्ही पगार एकत्र येतात. जुन्या कंपनीने कापलेला कर वजा करूनही सुमारे 41 हजार रुपये एकदम भरावे लागतात, वर व्याज.

म्हणून रुजू होतानाच जुन्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील नव्या कंपनीला द्या. जुन्या कंपनीकडून टीडीएसचं प्रमाणपत्र मागा. तो तुमचा हक्क आहे. नोकरी जाणं हा काही गुन्हा नाही.