तिवरं लावली म्हणजे खाडी वाचली का?

वर्सोवा ते भाईंदर या सुमारे 26 किलोमीटरच्या किनारी रस्त्यासाठी 45,675 तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर 2025 मध्ये महापालिकेला परवानगी दिली. बदल्यात तिप्पट, म्हणजे 1 लाख 37 हजारांच्या आसपास झाडं लावली जातील, असं पालिका म्हणते. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून जवळपास 22 हजार तिवरं तोडायची परवानगी मिळाली होती. तिथं आश्वासन पाचपटीचं होतं.

एक तोडलं, तीन लावली. एक तोडलं, पाच लावली. ऐकायला हिशेब नफ्याचाच वाटतो. पण एवढी झाडं लावायची कुठं? अंधेरी, मालाड, बोरिवलीत खाडीकाठी मोकळी जागा उरली आहे कुठं? अशा वेळी नजर जाते ती खाडीकाठच्या गावांच्या खाजणाकडं आणि चिखलाकडं. म्हणून हा विषय फक्त मुंबईकरांचा नाही. ज्या गावाच्या हद्दीत भरतीचं पाणी शिरतं, त्या प्रत्येक गावाचा तो आहे.

तिवराचं झाड चिवट असलं तरी जागेच्या बाबतीत ते फार हट्टी आहे. त्याला रोज थोडा वेळ पाणी लागतं आणि बाकीचा वेळ उघडी हवा लागते. चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली मुळं त्यातूनच श्वास घेतात. जागा हातभर खोल असली तर रोप बुडून मरतं. हातभर उंच असली तर पाणी फक्त उधाणाला पोहोचतं, जमिनीत मीठ साठतं आणि रोप करपतं. खारबंदिस्तीच्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको. उघाडी बिघडली की वर्षभरात शेताचं काय होतं, हे तिथल्या पोरालाही माहीत असतं. तिवराचंही तसंच आहे, फक्त उलट्या बाजूनं.

फिलिपिन्सनं हा धडा पैसे मोजून घेतला. तिथं अनेक वर्षं सरकार आणि संस्थांनी किनाऱ्यावर लाखो रोपं लावली. संशोधकांनी नंतर तपासलं तेव्हा कितीतरी ठिकाणी शंभरातली जेमतेम दहा-वीस रोपं जगलेली दिसली. जी जात लावायला सोपी ती लावली होती, आणि जी जागा मोकळी दिसली तिथं लावली होती. ती जागा मोकळी का होती, हे कुणी विचारलंच नव्हतं.

उलटं उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूत पिचावरम आणि मुथुपेट इथली कांदळवनं अनेक वर्षं उजाड पडली होती. दोष गावकऱ्यांच्या गुरांवर आणि सरपणावर टाकला जायचा. 1990च्या दशकात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वन विभाग आणि गावकरी यांनी मिळून जमिनीची पाहणी केली, तेव्हा वेगळंच कारण पुढं आलं. इंग्रजांच्या काळापासून पट्ट्यापट्ट्यानं जंगलतोड झाली होती. उघडी पडलेली जमीन खचून मधोमध बशीसारखी झाली होती. भरतीचं पाणी आत यायचं पण बाहेर जायचं नाही. ते तिथंच आटायचं आणि मीठ मागं ठेवायचं. मग माशाच्या काट्यासारखे चर खणले. मधे मोठा कालवा आणि दोन्ही बाजूंना तिरके फाटे. पाणी खेळायला लागलं, मीठ धुऊन गेलं आणि त्या चरांच्या कडेनं लावलेली रोपं टिकली. चरात दरवर्षी गाळ भरतो. तो काढायचं काम गावाच्या समितीकडं दिलं गेलं. संशोधकाकडं पातळी मोजायचं यंत्र होतं, वन विभागाकडं जमीन होती आणि पाणी कधी कुठून शिरतं हे गावाला ठाऊक होतं. तिघांपैकी एक जरी नसता तरी काम अडलं असतं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथं तर जवळजवळ 500 हेक्टरवर भराव काढून, पाण्याच्या वाटा मोकळ्या करून झाडं आपोआप उगवू दिली. बी भरतीबरोबर वाहत आलं आणि रुजलं.

आता आपल्या ठाणे खाडीकडं पाहू. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या पूर्वेला पसरलेली ही खाडी. 2015 मध्ये तिचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. विक्रोळीचं कांदळवन गोदरेजनं कित्येक दशकं राखलं आहे. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी या खाडीचा गाळ, पाणी आणि मासळी वर्षानुवर्षं तपासली. त्या अभ्यासातून पुढं आलेली गोष्ट पर्यावरणप्रेमींनाही जरा अडचणीची वाटते. भराव, पूल आणि सांडपाण्यामुळं खाडीत गाळ साचत गेला, ती उथळ झाली आणि जिथं उघडा चिखल होता तिथं तिवरं पसरली. म्हणजे झाडं वाढली, खाडी मात्र अरुंद झाली. कागदावर हिरवा रंग वाढला की अधिकारी खूश होतात. पण निवटी, चिंबोरी, खुबे आणि चिखल चाळणारे पक्षी यांना उघडा चिखलच लागतो. तिथं तिवर लावणं म्हणजे भातखाचरात आंब्याची कलमं लावण्यासारखं आहे.

म्हणून तिवरं तोडली तर चालतील, असा अर्थ कुणी काढू नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला बंदी घातली आणि 2018 च्या निकालानं ती पक्की केली. आजही सार्वजनिक प्रकल्पाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, तो त्यामुळंच. मुद्दा इतकाच की भरपाई रोपांच्या संख्येत मोजली तर ती कागदावर पूर्ण होते आणि खाडीत अपुरी राहते.

खाडीपलीकडं नेरूळच्या डीपीएस तलावाचंच पाहा. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या आणि 2024 मध्ये तलाव सुकत गेला. आसपास फ्लेमिंगो मरू लागल्यावर आरडाओरडा झाला. पाण्याची वाट मोकळी झाली तसे पक्षी पुन्हा उतरले. 2025 मध्ये राज्य सरकारनं हा तलाव संवर्धन राखीव करायचं ठरवलं. तिथं एकही रोप लावावं लागलं नव्हतं.

मग मोजायचं कुणी? फ्लेमिंगोच्या पाठीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 2022 मध्ये उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. ते काम मोलाचं आहे, त्यातून पक्ष्यांच्या वाटा कळतात. पण गोराई, मनोरी, चारकोपच्या बाया ओहोटीला चिखलात उतरून किती चिंबोऱ्या आणि कालवं आणतात, भांगाला किती आणि उधाणाला किती, कुठल्या वहाळात गेल्या पाच वर्षांत पाय ठेवायची सोय उरली नाही, याची वही कुठं आहे? मोठ्या बंदरावर उतरणारी मासळी सरकारी नोंदीत येते. पाटीत भरून थेट बाजारात जाणारी खाडीची मासळी बहुतेक येतच नाही. उद्या रस्त्यानं किंवा चुकीच्या लागवडीनं ती गेली, तर होती याचा पुरावा काय देणार?

ही वही भरायला कायद्यानं जागा दिलेली आहे. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढून त्यात खाडीची पानं जोडता येतात. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, ठरलेल्या वहाळाचा मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढायचा, त्या दिवशी काय मिळालं ते लिहायचं. जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेतलं तर नोंदीला वजन येतं.

आणि भरपाईच्या लागवडीचा फलक घेऊन कुणी गावाच्या खाजणात आलं, तर रोपं किती हे विचारण्याआधी इथं आधी काय होतं ते विचारावं. तिवरं होती आणि गेली असतील, तर का गेली आणि पाण्याची वाट कोण मोकळी करणार? मुळातच उघडा चिखल असेल, तर तो तसाच ठेवायला सांगायचं. तीन वर्षांनी जगलेली रोपं कोण मोजणार आणि त्या मोजणीच्या दिवशी गावचं माणूस हजर असेल का, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यायचं. लागवड बहुतेक पावसाळ्यात होते आणि फोटो त्याच दिवशी छापून येतात. रोपाची खरी परीक्षा त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये असते, जेव्हा भांगाचं पाणी तिथवर चढत नाही आणि चिखलावर मिठाचा पांढरा थर दिसायला लागतो.