भानामतीच्या तपासासाठी फिरते केंद्र

घरावर दगड पडू लागले, दांडीवरचे कपडे पेटू लागले, की त्या घराला भानामती झाली असे आपल्याकडे म्हटले जाते. अशा प्रकारांचा जागेवर जाऊन तपास करण्यासाठी साधनांनी सज्ज असे वाहन असावे, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. वस्तुतः ती विचारार्ह आहे. मात्र तिचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

या बाबतीत इंग्लंडमधील एक जुना प्रयोग उद्बोधक आहे. हॅरी प्राइस यांनी १९३७ साली एसेक्समधील बोर्ली येथील पाद्र्याचे रिकामे घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक मिळविले व त्यांना सूचनांची पुस्तिका दिली. इतके करूनही वाद मिटला नाही. १९५६ साली तिघा संशोधकांनी प्राइस यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली. पुढे त्या टीकेवरही आक्षेप आले. याचे कारण उघड आहे. तेथे काय काय घडते म्हणतात, हे पुस्तिकेनेच निरीक्षकांना आधी सांगून ठेवले होते. शिवाय त्या घरावर प्राइस यांची १९४० व १९४६ साली दोन पुस्तके निघाली. भूत सापडण्यातच ज्याचा लाभ, त्याच्या तपासावर विश्वास कोणी ठेवावा?

याउलट एका प्रयोगशाळेत दिसणाऱ्या करड्या छायेचा माग व्हिक टँडी यांनी काढला, तेव्हा मूळ निघाले एका पंख्यात. त्याच्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपने असलेला, कानाला ऐकू न येणारा ध्वनी निर्माण होत होता, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ साली मांडला.

आपल्याकडे प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भानामती आडवाटेच्या वाडीवर होते आणि सत्य कळेपर्यंत एखाद्या निराधार बाईवर करणीचा आळ येऊन तिला गाव सोडावे लागते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. परंतु तो अधिकारी पोलीस खात्यातील. कायदा अपराध्यास शासन करील. दगड कोठून आला, हे गावाला पटवून देणे हे निराळे काम आहे. ते विलंबाने झाले, तर त्याचे मोल उरत नाही. म्हणूनच केंद्र फिरते हवे.

त्यासाठी तीन अटी आवश्यक वाटतात. केंद्राचा खर्च प्रसिद्धीवर वा प्रेक्षकांवर अवलंबून नसावा. कोणता पुरावा ग्राह्य मानावयाचा, हे तपासापूर्वी लिहून ठेवावे. आणि पथकात मानसोपचारतज्ज्ञ असावा. कारण घरातीलच एखादी गांजलेली व्यक्ती हे प्रकार करीत असल्याचे अनेक प्रकरणांत आढळले आहे. तिचे नाव चव्हाट्यावर न आणता तिला उपचार मिळाले पाहिजेत.

आरोग्य केंद्रांत औषधे नसताना हा खर्च कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. परंतु हेच वाहन एरवी शाळांतून विज्ञानाची प्रात्यक्षिके दाखवू शकेल. उरलेला खर्च, गावाबाहेर काढल्या जाणाऱ्या त्या बाईच्या नावे मांडावा. तो जड वाटण्याचे कारण नाही.