रंगावर लाखाचा फरक, पावतीवर मात्र नुसतं ‘काळी घोडी’!

विश्लेषण

२०२२ साली पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या सुनामच्या एका कापड व्यापाऱ्याने २२ लाखांहून जास्त मोजून काळाभोर मारवाडी घोडा घेतला. घरी आणून अंघोळ घातली तर काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेला आणि खालून तांबूस घोडा निघाला. बातमी वाचून सगळे हसले. पण सारंगखेडा, माळेगाव, अकलूजच्या बाजारात कर्ज काढून घोडं घेणाऱ्याने हसण्यावारी नेण्यासारखं हे प्रकरण नाही. आपल्याकडेही रुमालाखाली बोटं दाबली जातात तेव्हा चालीइतकाच रंग बोलतो.

बाजारातले शब्द आधी नीट धरू. काळा तो मुश्की. अंग तांबडं-तपकिरी पण आयाळ, शेपूट आणि पायाचा खालचा भाग काळा, तो कुमैत. आयाळ-शेपटीसकट सगळाच तांबूस तो सुरंग. पांढऱ्याचे मोठाले पट्टे असलेला अबलख. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असेल तर पंचकल्याणी. हा रंग नव्हे, खुणांचा मेळ आहे. त्यामुळे मुश्कीही पंचकल्याणी असतो आणि कुमैतही.

खरी गफलत होते पांढऱ्यात. वरातीसाठी नुकऱ्याला मागणी, म्हणून पांढरं दिसेल ते नुकरा म्हणून खपवलं जातं. नुकरा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. सब्जा मात्र जन्मतो काळा, कुमैत किंवा सुरंग, आणि दरवर्षी थोडा थोडा पिकत जातो. बहुतेक सहा ते दहा वर्षांत पांढरे होतात, पण कातडी काळीच राहते. ओळखायला सोपं आहे. नाकपुडीजवळ, डोळ्याभोवती आणि शेपटीखाली बघा. हा फरक नुसता हौसेचा नाही. गुलाबी कातडीला आपल्याकडच्या उन्हात नाकाडावर चट्टे पडतात. सब्जाचं दुखणं वेगळं: पंधरा वर्षांपुढच्या दहापैकी सात-आठ सब्जांना शेपटीखाली काळ्या गाठी येतात. म्हातारा सब्जा घेताना शेपूट उचलून बघायला लाजू नये, विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

शिंगरू घेताना आई-बाप विचारावेत. दोन्ही सुरंग असतील तर शिंगरू मुश्की किंवा कुमैत होत नाही. शिंगरू पुढे सब्जा होणार असेल तर आई किंवा बाप, एक तरी सब्जा असलाच पाहिजे. २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ही पांढरं करणारी जनुकीय खूण शोधली. विकणारा सांगतोय ती वंशावळ आणि समोरचा रंग जुळत नसेल तर दोन्हीतलं एक खोटं आहे, बस्स.

आता भोवऱ्यांचं. गळ्यावरचा देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा खोटा, ही परंपरा जुनी आहे, संस्कृत अश्वशास्त्रापासून चालत आलेली. तिच्यापायी चांगलं चालणारं, निरोगी जनावर निम्म्या किमतीत जातं आणि गरीब पाळणाऱ्याचं नुकसान होतं. भोवऱ्याचा आणि घोड्याच्या गुणाचा संबंध लावणं आम्हाला पटत नाही. पण गंमत बघा, जगभर घोड्याच्या ओळखपत्रावर हेच भोवरे काढून दाखवतात, कारण त्यांची ठेवण प्रत्येक घोड्यात वेगळी असते आणि ती रंगवून बदलता येत नाही.

आपल्याकडची पावती मात्र ‘काळी घोडी, वय चार’ एवढ्यावर संपते. घोडी चोरीला गेली, विम्याचा दावा आला किंवा विकणारा उलटला, तर या चार शब्दांवरून कोणती घोडी हे पोलीस तरी कसे ठरवणार? डाव्या मागच्या पायाचं पांढरं कुठपर्यंत, कपाळावर चांदणी की नाकापर्यंत पट्टा, भोवरे कुठे, कातडी काळी की गुलाबी, उंची किती, हे लिहायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही बाजूंचे आणि तोंडाचे फोटो पावतीला जोडले तर आणखी बरं. यात्रेत पशुवैद्यकीय पथक असतंच. बाजार भरवणाऱ्यांनी खुणांचा रकाना असलेला छापील नमुना पावती-टेबलावर ठेवला तर खर्च कागदाचाच.

तोवर गिऱ्हाइकाने ओला पांढरा फडका खिशात ठेवावा. आयाळीखाली आणि पोटाखाली दाबून चोळायचा, केसांची मुळं फुंकर मारून उजेडात बघायची. सौदा त्यानंतर.