चांदीच्या सहा ताटल्या

जिच्यात कुणी जेवायचं नाही अशी ताटली विकत घ्यायचीच कशाला, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही बाईला पडेल. त्यातून ती चांदीची असेल तर विचारूच नका! आपण चांदीचं ताट काढतो ते जावई जेवायला आले की, नाहीतर नैवेद्याला. म्हणजे वर्षातून दोनदा का होईना, त्यावर वरण-भात पडतो. अमेरिकेत मात्र १९७० च्या दशकात अशा न जेवायच्या ताटल्यांची मोठी लाट आली होती. नाताळात एक घ्यायची, डब्यातून काढून सगळ्यांनी बघायची आणि पुन्हा डब्यात ठेवायची. आज हा विषय का काढला ते पुढे येईलच.

मूळ प्रथा डेन्मार्कची. तिथल्या बिंग अँड ग्रोन्डाल या चिनीमातीच्या कारखान्याने १८९५ साली नाताळची पहिली ताटली काढली. निळी-पांढरी, गोठलेल्या खिडकीपलीकडे दिसणाऱ्या शहराची. दरवर्षी नवं चित्र, आणि नाताळ झाला की तो साचा मोडून टाकायचा. यामागे एक कथा सांगतात. श्रीमंत घरची माणसं नाताळात नोकरांना ताटलीत फळं, गोडधोड घालून देत. खाऊ संपला की ती ताटली नोकर मंडळी भिंतीवर लावत, कारण घरातल्या इतर भांड्यांपेक्षा ती देखणी असे. कथा खरी असो नसो, मला आवडते. निदान त्या ताटलीतून कुणीतरी काही खाल्लं होतं.

अमेरिकेत हे चांदीत आणलं फ्रँकलिन मिंट या कंपनीने. १९६४ साली जोसेफ सीगल यांनी पेनसिल्व्हेनियात सुरू केलेली ही खाजगी टांकसाळ. ती संग्राहकांसाठी पदकं आणि शोभेची नाणी पाडत असे. १९७० च्या नाताळात त्यांनी नॉर्मन रॉकवेल यांच्या चित्राची स्टर्लिंग चांदीची ताटली काढली. विषय, घरी झाड घेऊन येणं. मग १९७५ पर्यंत दरवर्षी एक. गाणी म्हणत हिंडणारी मंडळी, झाड सजवणारं कुटुंब, दारावर हार बांधणं, आणि शेवटची, नाताळला घरी परतणं.

रॉकवेल (१८९४–१९७८) म्हणजे अमेरिकेतल्या घराघरातले चित्रकार. १९१६ ते १९६३ या काळात 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' साप्ताहिकाची तीनशेहून जास्त मुखपृष्ठं त्यांनी काढली. आपल्याकडे दिवाळी अंकावर दलालांचं चित्र बघायला मुलं भांडायची ना, तसंच काहीसं. समीक्षक नाकं मुरडत, गोड गोड म्हणत. पण याच माणसाने १९६४ साली गोऱ्यांच्या शाळेत निघालेली एक एवढीशी काळी मुलगी, मागेपुढे सरकारी अंमलदार आणि भिंतीवर फुटलेला टोमॅटो, असं चित्र काढलं होतं. नुसत्या गोडव्याचा माणूस असं चित्र काढत नाही.

आता हिशेब. (शाळेत मराठीच्या जोडीला गणिताचे तासही घ्यावे लागत, त्यामुळे सवय आहे!) स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. ताटलीचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास. तिथे चांदी ट्रॉय औंसावर मोजतात, म्हणजे हे सुमारे सहा औंस. १९७० मध्ये चांदीचा भाव औंसाला दोन डॉलरसुद्धा नव्हता. ताटलीची किंमत शंभर डॉलर. म्हणजे बारा डॉलरचीही चांदी नाही, बाकी सगळी घडणावळ आणि चित्र!

आपल्या सराफाने इतकी घडणावळ लावली असती तर आपण दुकानातून उठलोच असतो. पण मी त्या लोकांना हसणार नाही. चित्रासाठी पैसे मोजले तर त्यात हसण्यासारखं काय आहे? माझी तक्रार दुसरी आहे. बहुतेकांनी चित्र म्हणून घेतलंच नाही, उद्या किंमत वाढेल म्हणून घेतलं. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांवर भरवसा ठेवला. मर्यादित म्हणजे किती, तर पहिल्याच ताटलीच्या अठरा हजारांहून जास्त प्रती निघाल्या. आणि घेणारा प्रत्येक जण ती जिवापाड जपणार. मग वस्तू दुर्मिळ व्हायची कशी? रॉकवेल यांची मुखपृष्ठं रद्दीत गेली, डेन्मार्कच्या ताटल्या हातातून निसटून फुटल्या. जगल्या वाचल्या त्यांना भाव आला. या चांदीच्या ताटल्या ना फुटतात, ना रद्दीत जातात.

तरी एकदा संधी आली होती. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा एवढा साठा केला की जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरला टेकला. लोक चमचे, तबकं, ताटल्या घेऊन मोडीच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे राहिले. कितीतरी नक्षी तेव्हा आटली. २७ मार्चला भाव कोसळून अकरा डॉलरच्या आसपास आला. गंमत म्हणजे, या ताटल्या काही कमी झाल्या असतील तर त्या अशा मुशीत गेल्यामुळेच.

आता विषय का काढला ते सांगते. माझी भाची फिलाडेल्फियाजवळ राहते. तिच्या शेजारच्या आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. घर विकून वृद्धाश्रमात निघाल्यात. त्यांनी सहाही ताटल्या, डबे आणि प्रमाणपत्रांसकट, भाचीच्या हातात ठेवल्या. मुलांना नको आहेत, तूच काय ते कर म्हणाल्या. त्यांचे यजमान कारखान्यात कामाला होते. मुलांच्या कॉलेजच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून त्यांनी सहा वर्षं एकेक घेतली. १९८० साली आजी म्हणत होत्या, विकून टाकू या. ते म्हणाले, अजून वाढेल.

भाचीचा फोन आला, "मावशी, मोडीत देऊ का गं? मला पापच केल्यासारखं वाटतंय." भाचेजावई म्हणतात, हीच वेळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव पुन्हा पन्नास डॉलरच्या वर गेला, हे त्यांचं खरंच. पण मी त्यांनाही हिशेब घातला. पन्नासच्या भावाने एका ताटलीत पावणेतीनशे डॉलरची चांदी. आणि १९७० चे शंभर डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे आठशेच्या वर. त्या बिचाऱ्या गृहस्थाला यात नफा झालेलाच नाही.

माझं मत विचाराल तर पाच ताटल्या खुशाल मोडाव्यात. आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडून नातीचं मंगळसूत्र होतं, त्याला कुणी पाप म्हणत नाही. अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणून घेतलेली चांदी पन्नास वर्षांनी अडचणीला उपयोगी पडली, तर घेणाऱ्याच्या मनासारखंच झालं म्हणायचं. फक्त ते पैसे आजींचे. वृद्धाश्रम तिथे किती महाग असतो हे भाचीच मला सांगत असते. आजी नको म्हणतील, तरी द्यावेत.

सहावी ठेवावी. कुठली, ते भाव बघून किंवा प्रमाणपत्र बघून ठरवू नये. सहाही ताटल्या टेबलावर मांडाव्यात, आजींना चष्मा लावून बसवावं आणि विचारावं, यातली कुठली तुम्हाला आवडते? पन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंय असं मला वाटत नाही. निवडतील ती वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीच्या भिंतीवर लावून द्यायची. डब्यात नाही! काळी पडेल, पडू दे. आणि हो, भाचीबाई, आपल्या सवयीने रांगोळी किंवा दंतमंजन घेऊन घासायला बसू नकोस, बारीक रेषा पुसट होतील. मऊ फडक्याने नुसती पुसून घे.

बाकीच्या पाच मोडीत देण्याआधी संग्राहकांकडे चौकशी कर, डबे-प्रमाणपत्रांसकट कुणी चांदीहून चार पैसे जास्त देतंय का बघ. नाही मिळाले तर घरच्या काट्यावर वजन करून, ते लिहून ने, आणि दोन दुकानांत तरी विचार. तोळा आणि औंस सारखेच फसवे, आणि साधा औंस व ट्रॉय औंस वेगळे असतात, हे भाचेजावयांना सांग.