कोणती पिशवी?

मराठी बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ असे आले की ते गर्भाशयाविषयी आहे, हे सांगावे लागत नाही. मूत्राशयालाही आपण ‘लघवीची पिशवी’च म्हणतो. कर्करोगामुळे ते मूत्राशय काढावे लागले, तर पोटावर जी चिकटवतात ती पिशवी, आणि आतड्याच्या तुकड्याची शिवून आत बसवतात तीही पिशवीच. एकाच नामाने चार वस्तू दाखवणाऱ्या भाषेत रुग्णाला आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा असतो. हा निर्णय वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे, आणि म्हणून तो मराठीच्या अध्यापकांचाही विषय आहे, असे आमचे मत आहे.

आधी वस्तुस्थिती थोडक्यात पाहू. लघवीतून वेदना न होता रक्त जाणे हे या रोगाचे नेहमीचे पहिले लक्षण, आणि तंबाखूचे धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण. गाठ आतल्या अस्तरापुरती असेल तर ती दुर्बिणीतून खरवडून काढतात. पुन्हा उद्भवण्याचा धोका अधिक असल्यास बीसीजीचे द्रावण, म्हणजे जन्मलेल्या बाळाच्या दंडावर जी लस टोचतात तिचेच औषधी रूप, सुरुवातीला आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे मूत्राशयात सोडतात. १९७६ सालापासून हा उपचार माहीत आहे. गाठ स्नायूत शिरली असेल तर मात्र वाटा फुटतात. एक वाट मूत्राशय काढण्याची, बहुधा आधी केमोथेरपी देऊन. दुसरी, निवडक रुग्णांसाठी, गाठ खरवडून किरणोपचार आणि केमोथेरपी यांच्या बळावर मूत्राशय राखण्याची. राखलेल्या मूत्राशयाची वरचेवर तपासणी करावी लागते, आणि काहींना पुढे ते काढावेच लागते.

काढल्यावर लघवीला वाट कोठून द्यायची? लहान आतड्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे तोंड पोटावर उघडायचे आणि त्यावर पिशवी लावायची, ही ब्रिकर या अमेरिकी शल्यविशारदाने १९५० साली रूढ केलेली पद्धत. नाहीतर अर्ध्या मीटरच्या आसपास आतडे घेऊन त्याची आत पिशवी शिवायची आणि ती मूत्रमार्गाला जोडायची. मूत्रपिंडे चांगली असतील आणि मूत्रमार्गात रोग नसेल, तरच हा पर्याय खुला राहतो. पोटावरच्या छिद्रातून नळी घालून रिकामी करायची आतली पिशवी हा तिसरा प्रकार.

आता यांची नावे पाहा. आतल्या पिशवीला ‘नवे मूत्राशय’ म्हणतात. बाहेरच्या पिशवीला ‘कायमची पिशवी’. एकाच्या वाट्याला ‘नवे’ आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘कायमची’ आले, की रुग्णाने मत देण्याआधीच विशेषणांनी मतदान केलेले असते. वस्तुतः ‘नव्या’ मूत्राशयाला जुन्याची संवेदना नसते. घड्याळ पाहून जावे लागते, पोटावर जोर द्यावा लागतो, रात्री गजर लावून उठावे लागते. काहींना झोपेत गळती होते, काहींना स्वतःच नळी घालावी लागते. दोहोंपैकी कोणत्या पर्यायाने जगणे अधिक सुकर होते, याचा निर्विवाद निकाल अभ्यासांनी दिलेला नाही. सुझन सोन्टॅग यांनी १९७८ साली आजारावरची रूपके उतरवण्याचा आग्रह धरला. येथे अडचण रूपकांची नाही. साधी नामे आणि विशेषणेच रुग्णाला एका बाजूला ढकलतात.

या शब्दांचा अर्थ ठिकाणानुसारही बदलतो. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. गाडीला शौचालय नाही, आणि पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचले की गाडी किती वेळ उभी राहील हे कोणी सांगू शकत नाही. घड्याळावर चालणारे मूत्राशय घेऊन या गाडीत उभे राहायचे, की गर्दीत पोटाशी दबणारी पिशवी सांभाळायची? परकराची नाडी नेमकी कोठे बसते हे पाहून, रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला लावून पिशवीची जागा शस्त्रक्रियेआधीच खुणेने ठरवायची असते. पिशव्या जन्मभर विकत घ्याव्या लागतात. देवघरात जाताना सोवळ्याचा प्रश्न मनात येतो, आणि तो विचारायला जीभ रेटत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

आमच्या परिचयातील एका वयस्क बाईंना एका रुग्णालयात ‘पिशवी काढावी लागेल’ एवढेच सांगण्यात आले. त्यांनी सही केली ती गर्भाशयासाठी. स्त्रियांच्या या शस्त्रक्रियेत अनेकदा गर्भाशयही काढतात. त्यामुळे ते वाक्य खोटे नव्हते, अपुरे होते. पोटावरची पिशवी त्यांना शुद्धीवर आल्यावर दिसली.

महेश मांजरेकर यांनी २०२१ साली आपल्याला मूत्राशयाचा कर्करोग झाला होता आणि शस्त्रक्रिया झाली हे जाहीरपणे सांगितले. ज्या अवयवाचे नाव चारचौघांत घ्यायला आपण कचरतो, त्याचे नाव त्यामुळे मराठी घरांत उच्चारले गेले. तरीही एका प्रसिद्ध माणसाचा अनुभव ही दुसऱ्याच्या निवडीची शिफारस होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे डॉक्टरांचे काम, साहित्याच्या माणसांनी यात का पडावे? आमचे उत्तर असे, की परिभाषेने दिलेला ‘मूत्राशय’ हा शब्द नेमका आहे, पण तो पुष्कळांच्या तोंडचा नाही. ‘पिशवी’ तोंडची आहे, पण नेमकी नाही. हे अंतर भाषेच्या माणसांनीच भरून काढायचे आहे. त्यासाठी नवे शब्द घडवण्याची गरज नाही. ‘लघवीची मूळ पिशवी’, ‘गर्भपिशवी’, ‘पोटावरची पिशवी’, ‘आतड्याची आतली पिशवी’ असे प्रत्येक वेळी पूर्ण म्हटले तरी पुरे. व्यावहारिक मराठीच्या वर्गात आपण अर्ज आणि इतिवृत्ते लिहून घेतो. त्याच तासाला एका शस्त्रक्रियेचे संमतिपत्र लिहून घ्यावे, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि कमी शिकलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवून तिला काय कळले ते विचारावे. तिने ‘कोणती पिशवी?’ असे विचारले, तर मसुदा पुन्हा लिहायला हवा.