पांढरा दिसला म्हणून मारू नका

जास्वंदीवर पांढरं काही दिसलं की आपल्याकडे लगेच औषधाची बाटली निघते. जरा थांबून पाहा. कापसासारखा, देठाला चिकटून बसलेला तो पिठ्या ढेकूण. झाडाचा रस शोषतो. तसाच पांढरा, पण अंगाने मोठा, लांब झालरींचा आणि भराभर चालणारा दिसला, तर ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी. ती पिठ्यालाच खाते. औषध मारलंत तर तीही जाते.

मुंग्यांची रांग असेल तर पिठ्या शोधाच. गोड चिकट रसासाठी त्या त्याची राखण करतात. सूरह नम्लमधली मुंगी आपल्या जमातीला सावध करते. ही मात्र चोराचीच पहारेकरी!

थोडाच असेल तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पिठ्या पुसून काढा. चालणारीला राहू द्या.